शिक्का नसलेल्या फळ्या

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर बघा. एक लांबच लांब गोदाम आहे. वर पत्र्याचं छप्पर, दारातून येणारा खारा वारा, आणि मधोमध हत्तीएवढी लाकडी पेटी. पेटीत लाकडाला रंधा मारायचं यंत्र आहे, साडेतीन टनांचं, समुद्रापलीकडून आलेलं. समोर एक तरुण सुतारीण उभी आहे. तिची आठ वर्षांची भाची ठकी तिला आत्या म्हणते, म्हणून आपणही आत्याच म्हणू. आत्याचे कान लाल झालेत. का, ते ऐका.

दोन महिन्यांपूर्वी ती कस्टमच्या कचेरीत अर्ज भरत होती. शेजारून कुणीतरी हळूच म्हणालं,

“पेन्सिलीनं भरलेला अर्ज घेत नाहीत इथे.”

तिनं वर पाहिलं. निळी फाइल, चुरगळलेली बाही, हसरे डोळे... लोकांचा माल सोडवून देणारा एजंट होता तो.

“सुताराची पेन्सिल आहे,” ती म्हणाली. “पक्की असते.”

“असेल. पण पुसता येते ना.” त्यानं आपलं पेन पुढे केलं. “घ्या. परत द्यायला मात्र यावं लागेल.”

ती आली. काम त्याच्याकडेच सोपवलं, पेन मात्र द्यायचं विसरली. पुढच्या वेळीही विसरली. त्यानंही कधी मागितलं नाही.

“कर यंत्राच्या किमतीवरच लागणार ना?” तिनं एकदा विचारलं.

“किंमत, जहाजाचं भाडं आणि विमा, यांच्या बेरजेवर शुल्क. मग ते शुल्क मिळवून जी रक्कम होईल, तिच्यावर आणखी एक कर.”

“करावर कर? कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“माझ्या नक्कीच नाही. माझ्या हातात असतं, तर तुम्हाला सूट दिली असती.”

“फक्त मला?”

तो फाइलमध्ये बघत राहिला. मग म्हणाला, “बरं... पेटीच्या लाकडावर शिक्का असेल ना? लाकूड तापवून घेतल्याचा? न तापवलेल्या लाकडात किडे जिवंत राहतात. ते इकडे आले की इथली झाडं पोखरतात.”

“असेलच की,” आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

शिक्का नव्हता. आज सकाळी तपासणीच्या अधिकारी बाईंनी पेटीभोवती दोनदा चक्कर मारली. ठकीही शाळेची कंपासपेटी घेऊन त्यांच्या मागे मागे फिरत होती, मध्येच खाली बसून फळीतली भोकं बघत होती. बाई म्हणाल्या, “संध्याकाळपर्यंत समाधानकारक खुलासा द्या. नाहीतर पुढच्या जहाजानं पेटी परत जाईल. आणि निष्काळजीपणाचा शेरा एजंटवर. दुसरा शेरा आहे ना हो तुमचा? मग परवाना गेलाच म्हणून समजा.”

आत्या घाबरली होती. घाबरलेलं माणूस दुसऱ्यावर ओरडतं, तुम्हीही पाहिलं असेल. हमाल, कारकून, क्रेनवाला, सगळ्यांसमोर ती एजंटला म्हणाली, “तुमच्या भरवशावर राहिले, तीच माझी चूक. एवढं एक काम नीट जमलं नाही तुम्हाला.”

फाइल उघडून त्यानं एक कागद तिच्या हातात दिला.

“तुमच्याच कागदांत होता. काल रात्री फाइल लावताना सापडला,” तो हलकेच म्हणाला. “मी कुणाला दाखवलेला नाही. दाखवायचा की नाही, तुम्ही ठरवा.”

विक्रेत्याला लिहिलेल्या पत्राचा कच्चा मसुदा. अक्षर तिचंच, सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं: ‘पेटीला जाड, बिनगाठीच्या चांगल्या फळ्या लावा. शिक्का नसला तरी चालेल.’

लाकडाचा मोह. पेटी उघडल्यावर फळ्या फुकटात मिळतील, असा हिशेब तिनं केला होता. वाटलं, जमीन दुभंगावी... त्याला सगळं ठाऊक होतं, तरी तो मुकाट ऐकून घेत होता.

तिचा अंगठा अक्षरांवर थांबला. नुसता फिरवला असता, तरी सगळं पुसट झालं असतं.

मग तिनं खिशातून पेन काढलं, तेच. मसुद्याखाली लिहिलं: ‘हे मी कळवलं होतं. एजंटना तेव्हा माहीत नव्हतं.’ खाली सही केली. कागद बाईंच्या टेबलावर ठेवला आणि मागे वळली. हमाल, कारकून, क्रेनवाला, सगळे तिथेच होते.

“मघाशी यांना चारचौघांत बोलले,” ती म्हणाली. “चूक माझी होती. म्हणून माफीही चारचौघांतच मागते.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “दंड भरावा लागेल. यंत्राला इथेच औषधाची धुरी देऊ, फळ्या जाळू. मग यंत्र घेऊन जा. एजंटवर शेरा नाही.”

आत्याची मान वर होईना. तो शेजारी येऊन उभा राहिला.

“काय करणार होतात त्या फळ्यांचं?”

“ठकीला अभ्यासाचं टेबल.”

“हं...” तो म्हणाला. “शिक्का असलेलं लाकूड कुठे मिळतं, मला माहीत आहे. दाखवीन. टेबल करताना मला पाय धरून बसता येईल.”

“टेबलाचे ना?” आत्या खालीच बघत पुटपुटली.

“सुरुवात टेबलापासून करू.”

तिनं पेन पुढे केलं. “हे राहिलंय तुमचं.”

“असू दे. परत दिलंत, तर यायचं कारण संपेल.”

“कारण नसताना आले तर...?”

“तर मी फाइल मिटून ठेवीन.”

आता तिनं वर पाहिलं. डोळे भरलेले होते, कान अजून लालच होते.

ठकी हे सगळं पाहत होती. कंपासपेटी छातीशी घट्ट धरून ती उभी होती, आणि आता तिचेही कान लाल झाले होते. हळूहळू चालत ती अधिकारी बाईंच्या टेबलापाशी गेली. कंपासपेटी टेबलावर ठेवली आणि झाकण बोटभर उचललं. आत एक काळा, लांब मिशांचा किडा चालत होता.

“हा त्या फळीतून निघाला,” ठकी म्हणाली. “वर्गात दाखवायला मी लपवून ठेवला होता. मीच.”