शेवटच्या दिवसाचं पाकीट

पहिल्याच संध्याकाळी मी त्याला कामावरून काढून टाकलं... आणि मला त्याची कल्पनाही नव्हती!

त्या दुपारी विमानतळाच्या दारात तो आमच्या नावाची पाटी धरून उभा होता. आत्याला आणि मला आठवडाभर परका देश दाखवणारा ड्रायव्हर. आत्याची बॅग उचलताना त्याचा खांदाच वाकला.

"आत दगड भरलेत का?" त्याने चक्क मराठीत विचारलं. त्याची आई आपल्याकडची.

"इस्त्री आहे," आत्या ठसक्यात म्हणाली. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली, तरी चुरगळलेली साडी तिला अजून खपत नाही.

तो हसला आणि त्याच्या उजव्या गालावर खळी पडली. खोटं कशाला बोलू, मी बघतच राहिले.

ड्रायव्हरच्या हातावर पहिल्याच दिवशी काहीतरी ठेवावं, म्हणजे तो मन लावून गाडी चालवतो, हा आत्याचा प्रवासातला नेम. म्हणून संध्याकाळी हॉटेलच्या दारात मी त्याला टिपचं पाकीट दिलं. त्याचं हसू एकदम मावळलं.

"माझं काही... चुकलं का?"

"छे हो! ठेवा की. छान चालवता तुम्ही."

त्याने पाकीट घेतलं, मान लववली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजले, साडेनऊ झाले, तरी गाडीचा पत्ता नाही. "पैसे घेऊन पसार!" आत्याने निकाल देऊन टाकला. मला काही ते पटेना. शेवटी रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं, तर त्यांनी कपाळावर हातच मारला. त्यांच्याकडे ड्रायव्हरला टिप देतात ती निरोप घेताना. आधीच दिली, तर त्याचा अर्थ एकच – तुमचं काम संपलं, उद्यापासून येऊ नका!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्याकडून पत्ता घेतला आणि तशीच निघाले. त्याचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. भुरभुर पाऊस पडत होता आणि हा पठ्ठ्या अंगणात गाडी धूत होता.

"पावसात गाडी धुताय?"

"घरी थांबलो तर आई विचारेल, का काढलं म्हणून. काय सांगू तिला?"

"सांगा... एका मूर्ख मुलीला इथली रीतच ठाऊक नव्हती." "आमच्याकडे खूश होऊन देतात हो. चला ना परत."

त्याने ओले हात शर्टाला पुसले आणि खिशातून पाकीट काढलं. उघडलेलंसुद्धा नव्हतं.

"मग हे परत घ्या. शेवटच्या दिवशी द्या. तोवर मी तुमचा... म्हणजे, तुमचा ड्रायव्हर." त्याचे कान लालबुंद झाले.

पुढचे सहा दिवस भुर्रकन उडाले. डोंगर पाहिले, तळी पाहिली, पण खरं सांगायचं तर मी गाडीतला छोटा आरसाच जास्त पाहिला. दर वळणाला त्यात दोन डोळे सापडायचे.

"तो आरसा मागच्या गाड्या बघायला असतो, बरं का!" आत्या खिडकीबाहेर बघतच म्हणायची.

आणि शेवटचा दिवस उजाडला. विमानतळाच्या दारात त्याने बॅगा उतरवल्या. आत्याने आपल्या पर्समधून स्वतःचं वेगळं पाकीट काढून त्याला दिलं. "माझ्याकडून तू मोकळा, बाळा. हिचं हिने बघावं." असं म्हणून ती भराभर आत गेलीसुद्धा.

आम्ही दोघंच उरलो. माझा हात पर्समध्ये होता. पाकीट बोटांना लागत होतं, पण हात काही केल्या बाहेर येईना. ते दिलं की संपलं सगळं.

"द्या," तो हळूच म्हणाला. माझ्याकडे बघत मात्र नव्हता.

"नाही देणार."

"इतक्या कंजूस आहात?"

"हो, आहे! दिलं की काम संपतं ना तुमच्याकडे? मला नाही संपवायचं. मला... तू आवडतोस."

त्याने झटकन माझ्याकडे पाहिलं. मग ती खळी अशी काही पडली की बस्स!

"मग माझं काम चालूच आहे म्हणायचं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात सुट्टी काढतो. पत्ता दे. पाकीट मागायला येईन... आईला घेऊन."

तो आला. आज आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली. भांडण झालं की अजूनही हात पुढे करून म्हणतो, "दे माझं पाकीट, मी निघालो!"

कपाटात साड्यांखाली ते तसंच बंद आहे. मी काही ते देत नाही.