मधाचा थेंब

पावाच्या दुकानाच्या दारात त्या दोघांच्या छत्र्या एकमेकींत अडकल्या.

"तुम्ही आधी," ती म्हणाली.

"छे, तुम्हीच—" तो मान वर करून म्हणाला, आणि वाक्य तिथेच गळून पडले. छत्रीच्या सावलीत त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता. तो तिच्याकडे नव्हे, तिच्या डाव्या डोळ्याकडे पाहत होता. हरवलेली वस्तू अचानक परक्या घरात दिसावी, तसा. मग आपली अडकलेली छत्री तिच्याच हाती सोडून तो भिजत चालू लागला, आणि धुक्याने त्याच्यामागे दार लावून घेतले.

"असू द्या छत्री," पाववाली म्हणाली. "नावा बांधतो तो. तळ्यावर सापडेल." पाव देता देता तिचा हात थबकला. "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"मी आजच आलेय इथे."

"हो का? पण पाहिलंय..."

नवे शहर निवडण्याची तिची एक रीत होती. पाहुण्यासारखे हिंडायचे नाही. पाव घ्यायचा, खोली बघायची, छंदाच्या ठिकाणी डोकावायचे, जणू कालही आपण इथेच होतो. आज मात्र ती रीत तिच्यावरच उलटली होती. कालही ती इथेच होती, असे शहरालाच वाटत होते.

कृत्रिम डोळे रंगवणे हे तिचे काम. फोटो यायचा, डोळा जायचा. ज्या चेहऱ्यात तो बसे, तो चेहरा तिला कधी दिसत नसे. तिची जुनी कार्यशाळा बंद होत होती आणि दोन ठिकाणांहून बोलावणे होते: ताईच्या शहरातले मोठे रुग्णालय, किंवा या तळ्याकाठचा, उत्तरेला एकच खिडकी असलेला छोटा दवाखाना. रुग्णालयाला आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवे होते. आणि तिला तर साध्या चपलाही निवडता येत नसत.

फोन वाजला.

"थेंबुटले, शहर निवडतेयस की नवरा?" डाव्या बाहुलीखालच्या मधाच्या रंगाच्या ठिपक्यावरून ताईने लहानपणीच हे नाव पाडले होते.

"शहर. नवरा बिघडला तर शहर बदलता येतं. शहर बिघडलं तर कुठे जाऊ?"

"माझ्या गल्लीतली खोली रिकामी आहे."

"इथे तळं आहे, ताई. नाव वल्हवायला शिकता येईल."

"इथे मी आहे," ताई म्हणाली, आणि थट्टा संपली.

खोलीच्या मालकीणबाईंनी दार उघडले, आणि काही न विचारता तिची हनुवटी उजेडाकडे वळवली. "आलात तर."

"काकू, आपण कधी भेटलो नाही."

"तुम्ही नाही हो भेटलात. पण हा डोळा रोज माझ्या दारावरून जातो."

खोली न पाहताच ती जिना उतरली. मानेवरून गार बोट फिरावे तसे काहीसे झाले. परतीची बस धरायची, तिने ठरवले... पण परक्या शहरातून पळून जाता येते. परकी छत्री घेऊन पळून जाता येत नाही.

तळ्याकाठच्या शेडमध्ये तो एका उलट्या नावेला घासकागद लावत होता, तिच्याकडे पाठ करून.

"छत्री द्यायला आलात की नाव वल्हवायला?"

"या शहराला माझ्या डोळ्याचं काय पडलंय, ते विचारायला."

"पाण्यावर सांगतो."

"म्हणजे मला पळता येणार नाही?"

"मला येणार नाही. सकाळी एकदा पळालो ना."

ती हसली, आणि हसल्याचे तिलाच नवल वाटले.

वल्हवणाऱ्याची पाठ नेहमी वाटेकडे असते. तो वल्ह्यांशी बसला, ती त्याच्या समोर. काठ विरला, शेड विरली. पांढऱ्या शांततेत केवळ वल्ह्यांवरून निथळणारे पाणी ऐकू येत राहिले. मग धुके क्षणभर फाटले आणि उजेड त्याच्या तोंडावर पडला. उजवी बाहुली आक्रसली. डावी जशीच्या तशी राहिली.

ती पुढे झुकली. नाकाकडच्या कोपऱ्यात शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू बसवलेले होते, प्रत्येकाचे टोक किंचित वळवलेले. तसे वळवण्याची खोड एकाच हाताला होती. आणि बाहुलीखाली... मधाचा थेंब.

"हा मी केलाय," ती पुटपुटली. "तुमच्या उजव्या डोळ्याच्या फोटोवरून."

"माझ्या उजव्या डोळ्यात थेंब नाही."

खरेच नव्हता.

"फोटोत डोळ्यातली ओल दिसत नाही," ती सावकाश म्हणाली. "म्हणून रंग लावताना मी आरशात स्वतःचा डोळा बघते. तुमच्या वेळी बहुधा..."

"जरा जास्त वेळ बघितलात."

"परत का नाही पाठवलात?"

"डॉक्टर पाठवणारच होते." त्याने वल्ही उचलून धरली. "सकाळी आरशात मी मला बघायचो, तेव्हा आणखी कुणीतरी मला बघायचं. आधी भीती वाटली. आरसा झाकून दाढी करायचो."

"कापलं असेल."

"पुष्कळदा. पण नंतर... झाकला की करमेना. मग दिसेल त्याला विचारत सुटलो, असा डोळा पाहिलाय का. लोक म्हणायचे, मालकीण येईल एक दिवस न्यायला."

"आणि आली की पळायचं, असं ठरलं होतं?"

"तेवढंच ठरलं नव्हतं."

नाव आपोआप वाहत होती. परक्या चेहऱ्यातून तिचाच डोळा तिच्याकडे पाहत होता; न मिटता, न पाहता. तिने नजर खाली घेतली.

"चूक माझी आहे. थेंब पुसून देईन. फार वेळ लागणार नाही."

त्याने उचललेल्या वल्ह्यांवरचे पाणी निथळू दिले. मग म्हणाला, "पुसायचाच असेल, तर पुसणारीने इथे राहून पुसावा. आणि... घाई करू नये."

फोन वाजला. "कळवलंस का गं?" ताईने विचारले.

"ती खोली दुसऱ्या कुणाला दे, ताई."

"सुट्टीला येत जाशील ना?"

"येईन."

"एवढं काय आवडलं त्या शहरात?"

तिने मान वर केली. त्याने दिसत नसलेल्या काठाकडे पाठ करून वल्ही पुन्हा पाण्यात घातली होती. डावा डोळा तिच्यावर स्थिर होता. उजवा मात्र उत्तराच्या भीतीने लवत होता. या वेळी तिने नजर काढून घेतली नाही.

"शहर अजून दिसलंच नाही गं," ती म्हणाली. "धुकं आहे."