गुहेतला उलटा दगड

दुकानात शिरलेला माणूस बाहेर आलाच नव्हता, आणि आतही सापडत नव्हता.

फौजदारबाईंनी कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. दुकान उघडायच्या आधी रंगारी डबे घेऊन आत शिरताना दिसत होता. नंतर दारातून बरेच जण आले-गेले, त्यांत तो नव्हता. त्याला दमा होता. औषधाचा फवारा घरी विसरला म्हणून बायको द्यायला आली, नवरा दिसेना, तेव्हा तिनेच पोलिसांना फोन केला. फवारा अजून तिच्या मुठीत होता.

दुकान प्रवासी सामानाच्या एका मोठ्या साखळीचं. सजावट गुहेची. दगड फायबरचे, धबधबा दिव्यांचा, पाण्याचा आवाज स्पीकरमधला. साखळीतलं प्रत्येक दुकान हुबेहूब असंच हवं, अशी वरून ताकीद होती. खिडकीचा पत्ताच नाही. फौजदारबाईंचा जीव आल्यापासून घुसमटत होता, त्यात धबधब्यामुळे धड बोलताही येईना.

"तो आवाज कमी करा," त्या ओरडून म्हणाल्या.

"माझ्या हातात नाही, मॅडम," मॅनेजर म्हणाला. "मुख्य कचेरीतून चालतो. सगळ्या दुकानांत एकसारखा."

"मागचं दार कुठे आहे?"

"आराखड्यात तरी नाही."

"सकाळी आत कोण कोण होतं?"

"मी, रंगारी आणि सुतार. बाकीचे नंतर आले. त्यानंतर वरचे साहेब तपासणीला आले, खूश होऊन गेले."

सुतार रंगाऱ्याचा सख्खा मेव्हणा निघाला. काल दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, हे मॅनेजरने न विचारता सांगून टाकलं.

"कशावरून भांडलात?" फौजदारबाईंनी सुताराला विचारलं.

"दाजी म्हणाले, एक दगड उतरव, मागे काय आहे ते बघायचंय. मी म्हटलं, उद्या तपासणी, आत्ता नाही."

"कुठला दगड?"

"ते ऐकायला मी थांबलोच नाही. डोकं फिरलं होतं."

"दादा, खरं सांग," बहीण म्हणाली. "तू काही केलं नाहीस ना?"

एकीकडे नवरा, दुसरीकडे सख्खा भाऊ. बाईची अवस्था बघवत नव्हती.

"दगड उतरवून परत बसवता येतात?" फौजदारबाईंनी विचारलं.

"चौकट सगळ्यांची सारखी, चार स्क्रूंचं काम. वरची बाजू कुठली, त्याचा बाण मी पाठीवर काढलेला असतो. तो बघितल्याशिवाय मी दगडाला हात लावत नाही."

"रंग मात्र सगळा यांचाच," बायको म्हणाली. "आत ऊन नाही की काही नाही, तरी प्रत्येक दगडाच्या पोटाखाली सावली रंगवतात. नाहीतर दगड खरा वाटत नाही म्हणतात."

कॅमेऱ्याची नजर चुकवून रंगारी दुसऱ्या शाखेत तर गेला नाही ना, म्हणून फौजदारबाईंनी तिथे फोन लावला. तिथला मॅनेजर हळू आवाजाचा होता. इकडे एक कान बोटाने बंद करून त्यांनी त्याचा शब्द न् शब्द ऐकला. रंगारी तिकडे गेला नव्हता.

फोन ठेवून त्या भिंतीच्या कडेने निघाल्या. तंबूंच्या मागे थांबल्या. तिथला दगड वरून काळपट होता आणि पोटाशी उजळ.

"सुतार, हा काढा."

"मॅडम, सजावटीला हात लावायचा तर वरची परवानगी..." मॅनेजर मध्ये आला.

"काढा म्हणते ना."

दगडामागे एक अरुंद बोळ होता, खोक्यांनी भरलेला. टोकाला संकटकाळी बाहेर पडायचं दार, त्याला कुलूप. खोक्यांना टेकून रंगारी बसला होता. ओठ निळे पडलेले, तळहात सोललेले. बायकोने फवारा त्याच्या तोंडात धरला. पहिला श्वास आत जाईपर्यंत कोणी जागचं हललं नाही.

फौजदारबाई मॅनेजरच्या खोलीत गेल्या आणि एक बटण फिरवून बाहेर आल्या. धबधबा बंद पडला होता.

"सावली पोटाखाली असते," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "या दगडाची वर गेली, म्हणजे तो उतरवून उलटा बसवलेला. सुताराने बाण बघितला असता, रंगाऱ्याला सावली कळली असती. दोघांच्याही हातून ही चूक झाली नसती. उरलात तुम्ही. आवाज सगळीकडे सारखा म्हणालात, पण त्या शाखेचा माणूस हळू बोलत होता आणि मला सगळं ऐकू आलं. इथेच धबधबा एवढा का गर्जत होता? आतल्या हाका दाबायला."

मॅनेजर सांगू लागला.

"ते दार मी खोक्यांनी बुजवलंय हे त्याला कळलं होतं. साहेबांना सांगतो म्हणाला. सकाळी दगड काढून आत शिरला, मी बाहेरून लावून टाकला. फक्त तपासणीपुरता. माझी नोकरी गेली असती, मॅडम."

"तपासणी केव्हाच झाली. मग उघडलं का नाही?"

"तोवर या आल्या. मग तुम्ही आलात. कुणादेखत उघडणार?"

रंगाऱ्याच्या बायकोने मान वर केली.

"मी आल्या आल्या त्याच दगडाला टेकून बसले होते," ती म्हणाली. "पाठीला हादरे बसत होते. मी तुम्हाला विचारलं सुद्धा. धबधब्याचे आहेत म्हणालात, आणि मला खुर्ची आणून दिलीत, लांब."

सुताराने दाजींना पाठीवर घेतलं आणि तिघं उजेडाकडे निघाली.