राक्षसाची पावलं मी दिली

दिवा जरा माझ्याकडे सरकवा. हां, आता बरं. आणि मध्ये मध्ये काही विचारू नका, बोलण्याचा ओघ तुटला की मला राग येतो.

मी मालिकांना आवाज देते. तोंडाचा नाही, पायांचा. पडद्यावर कुणी चालतं, कप ठेवतं, कुणाची मान मुरगळली जाते, ते चित्रीकरणात धड ऐकू येत नाही. मग मी अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर उभी राहून सगळं पुन्हा करते. चाल माझी, बूट माझे, कौतुक नटीचं. मुळा मोडला की हाड मोडतं, ओलं फडकं पिळलं की... जाऊ दे, तुम्हाला अजून जेवायचं असेल. काचेपलीकडे माझा धाकटा भाऊ बसून हे सगळं ध्वनिमुद्रित करतो. वीस वर्षं आम्ही दोघंच. लहानपणी गच्चीवरून पडला तेव्हापासून तो डावा पाय किंचित ओढतो. टप, घस्स. टप, घस्स. भर गर्दीतही मी मागे न बघता त्याला ओळखते.

तर त्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याकडे गेले होते. मला एका दाराची कुरकुर हवी होती. त्यानं सात बिजागऱ्या फिरवून दाखवल्या, आठवी माझ्या मनात भरली.

"ताई, चांगल्या सोडून ही गंजलेलीच का?" त्यानं विचारलं.

"चांगली बिजागरी गप्प बसते," मी म्हटलं. "मला बोलणारी हवी."

मालिका होती राक्षसांची शिकार करणाऱ्या भावंडांची. दर भागात एक नवा राक्षस, शेवटी त्याचा निकाल, आणि भावंडं गाडीत बसून पुढच्या गावाला. या भागातला राक्षस एका बंद पडलेल्या इस्पितळात राहत होता. अंगानं राखाडी, चेहरा नाही, आणि चालताना आवाज नाही. तो माणसाच्या पाठीशी येऊन उभा राहतो आणि त्याचे आवाज काढून घेतो. आधी पावलांचे, मग हातांचे, शेवटी गळ्याचा. गळा गेला की माणूसच गेला. दिग्दर्शकानं कागदावर लिहून पाठवलं होतं, 'राक्षसाला एकही आवाज नको. पूर्ण शांतता.'

आता शांतता म्हणजे नुसती रिकामी जागा सोडून चालत नाही. तशी सोडली की बघणाऱ्याला वाटतं, टीव्ही बिघडला. शांतताही मुद्रित करावी लागते. रिकाम्या खोलीत माईक लावून मिनिटभर गप्प बसायचं, झालं. पण मला मेलीला नको तिथे बारकावा सुचतो. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी आणि कुणीतरी उभं असलेल्या खोलीची वेगळी. राक्षस रिकामा थोडाच असतो?

"तू मधोमध उभा राहा," मी भावाला म्हटलं. "एक मिनिट. श्वाससुद्धा हळू."

"म्हणजे राक्षस मी?"

"तुला रंगरंगोटीही लागणार नाही."

तो हसत उभा राहिला. मी आत जाऊन बटण दाबलं. ते मिनिट आम्ही इस्पितळाच्या दृश्याखाली घातलं. सांगायला लाज वाटते, पण चूक माझी होती. मी माझ्या हातानं माझ्या भावाला राक्षसाच्या जागी उभं केलं.

दुपारचे बारा वाजले असतील. मी गुडघ्यांवर बसून वाळूचा खोका नीट करत होते. मान वर केली तर भाऊ शेजारी उभा, हातात माईक.

"मांजरासारखा काय येतोस रे!"

"मी? नेहमीसारखाच आलो."

तो परत गेला. मी कान टवकारले. खाली लाकडी फळ्या, त्याच्या पायात जाड तळव्यांचे बूट. टप नाही. घस्स नाही.

"पुन्हा चाल बरं."

तो चालला. मग पाय आपटला. मग दोन्ही पायांनी उडी मारली. फळी थरथरलेली मला तळव्यांना कळली, पण आवाज... काही नाही. तो आधी हसला. मग त्यानं पाण्याचा स्टीलचा पेला उचलून टेबलावर आदळला, आणि पेलाही वाजला नाही. तेव्हा त्याचं हसू गेलं. पावलं संपून गोष्ट हातांवर आली होती. पुढे काय आहे, हे आम्ही दोघांनीही सकाळपासून दहादा पाहिलं होतं.

"पुसून टाक ती शांतता," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता."

तो धावला. कळा दाबताना त्याची बोटं दिसत होती, पण कळांची टकटक नव्हती.

"पुसली, ताई..." तो म्हणाला. आवाज शेजारच्या घरातून यावा तसा आला.

पुसली होती, पण गेली नव्हती. खोलीत ती तशीच उभी होती, काचेच्या पलीकडे, त्याच्या खुर्चीच्या मागे. ओलसर, बंद कपाटातल्या औषधांसारखा वास येत होता. त्याला घेऊन रस्त्यावर पळावं असं वाटलं. पण रस्त्यावरच्या गोंगाटात भावाचा गळा कधी गेला ते मला कळलंसुद्धा नसतं. आणि खरं सांगू? भीती वाटली, नाही कशाला म्हणू, पण तिच्या आधी राग आला. वीस वर्षं या खोलीत मी मेलेल्यांना चालवलंय, भुतांना जिने चढवलेत. आणि हा ऐतखाऊ, ज्याला एक पाऊल धड वाजवता येत नाही, तो माझ्या भावाची चाल घेऊन जाणार?

मी मांडणीवरून सगळ्यात मोठे गमबूट काढले. आत मूठमूठ खडे टाकले, पाय घातले आणि वाळूवर पाणी ओतलं.

"चित्र लाव!"

"ताई, दिग्दर्शकांनी..." ओठ हलले, पण ऐकू आलं ते एवढंच.

"दिग्दर्शक गेला खड्ड्यात! लाव!"

पडद्यावर खाटांची रांग आली. शिकारी बहीण पाठमोरी, आणि खाटांमधून सरकत येणारा तो. आमच्या कामात पाय बघायचे नसतात, पाय बहुतेकदा चौकटीत नसतातच. खांदे बघायचे. मी त्याच्या खांद्यांवर नजर रोखली आणि पहिलं पाऊल टाकलं. थडाप. चुकलं. दुसरं उशिरा पडलं. तिसऱ्या खाटेपाशी आमची चाल जुळली. थडाप... थडाप... थडाप.

मग मी मुद्दाम थांबले. तोही थांबला.

त्या दृश्यात तो तिथे थांबत नाही. कधीच थांबत नाही. आता त्यानं ती चेहरा नसलेली मान वळवली, नायिकेकडे नाही, इकडे. माझे बूट एकदम जड झाले, कुणीतरी आतून घोटे धरल्यासारखे.

"बघतोस काय?" मी म्हटलं. माझा आवाज कापत होता, कापू दे. "माझ्या खोलीत न वाजता कुणी चालत नाही. तूही नाही. चल, मागे."

मी एक पाय उपटून मागे टाकला. थडाप. तोही मागे सरकला. दुसरा पाय उचलताना मांडीतून कळ निघाली, मी शिवी हासडली आणि तोही टाकला. एकेक खाट करत मी त्याला मागे नेत होते. दाराशी पोचलो आणि माझ्या लक्षात आलं, दार बंद आहे.

"बिजागरी!" मी ओरडले. "फिरव!"

भावानं काचेची खोली सोडून धाव घेतली, आवाज न करता. दोन्ही हातांनी बिजागरी धरून फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिसऱ्यांदा ती करकरली, इतकी मोठ्यानं की माझे दात शिवशिवले. पडद्यावर दार उघडलं. मी शेवटचं पाऊल मागे टाकलं आणि तो बाहेर गेला.

"ताई," भाऊ म्हणाला. नीट, भरल्या गळ्यानं. मग माझ्याकडे आला. टप, घस्स. टप, घस्स. मी गमबुटांसकट खाली बसले आणि भोकाड पसरलं.

दोन दिवसांनी दिग्दर्शकाचा फोन आला. "माझी चिठ्ठी वाचली नाहीत का? राक्षसाला पावलं कुणी दिली?"

"मी दिली. राहतील."

"काढा ती."

"तुम्ही काढून बघा."

मग तो हळूच म्हणाला, "आणि तो दारातून बाहेर जातो... हे आम्ही कधी चित्रित केलं?"

मी फोन ठेवला. भाग तसाच दाखवला गेला, पावलांसकट.

तेव्हापासून दुपारी आमच्या जिन्यावर गमबूट वाजायला लागले. थडाप, थडाप. मी आतून ओरडायचे, "ऐकू येतोय रे!" की थांबायचे, आणि उतरून जायचे. पुढे पुढे भाऊसुद्धा चेष्टा करायला लागला, "तुझा पाहुणा आला बघ." मीही हसायचे. आवाज दिलाय ना मी त्याला, आता चोरून येणार कसा?

गेल्या सोमवारी आम्ही कामाच्या खोलीतच जेवायला बसलो होतो. पावलं आली. मी ओरडले. थांबली. पण उतरली नाहीत. बऱ्याच वेळानं दाराबाहेर रबर ओढल्याचा आवाज आला, ओला पाय बुटातून निघताना येतो तसा. मग एक बूट खाली ठेवल्याचा. मग दुसरा.

मग काहीच नाही.

"ताई..." भाऊ पांढराफटक पडला होता.

"बोलत राहा," मी म्हटलं. "काहीही बोल. मला शिव्या दे. पण थांबू नकोस."

तो बोलत राहिला. लहानपणापासूनच्या माझ्या सगळ्या खोड्या त्यानं बाहेर काढल्या. मी जाऊन दार सताड उघडलं. स्वतःच्या खोलीत दार लावून घाबरत बसणाऱ्यांतली मी नाही. जिना रिकामा होता. बूट कुठेच नव्हते.

मागे भावाचं बोलणं मध्येच थांबलं.

"ताई, माझ्या खुर्चीजवळ... हे ओलं काय आहे?"

मी वळून पाहिलं. फळीवर एकच ठसा होता, अनवाणी, पाचही बोटं त्याच्याकडे वळलेली. मी चपला भिरकावल्या, पाण्याच्या बादलीत दोन्ही पाय बुडवले आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिले.

"पाय आहे तो," मी म्हटलं. "अनवाणी असला तरी वाजवते त्याला. चित्र लाव."