टेंभा विझेपर्यंत

"टेंभा इझवायचा न्हाई," हौशीराम पुन्हा म्हणाला. "मावशी, तुमी मदी पडू नका. चकवा हाय ह्यो."

"चकवा असू दे न्हाईतर त्याचा बाप," मी म्हणाले. "तुजी बायको सोडून तेजलच्या कॅमेऱ्यात निस्ता तुजा जाळ दिसतोय. आदी त्यो इझव."

पवनेच्या पाण्याच्या काठावर आमचं हे चाललं होतं. दिवस नुकताच मावळला होता. समोर धरणाच्या पाण्याचा एक फाटा आत घुसलेला, आणि त्याच्या पलीकडे डोंगराची उतरण. सबंध उतरणीवर धूर बसला होता. माघ सरत आला की आमच्याकडे भाताच्या रोपांची जागा भाजून घेतात. फांद्या, पाला, शेण पसरून पेटवायचं. त्याला राब म्हणतात. त्या दिवशी वारा पडलेला, धूर वर जायला तयार नाही. जळक्या शेणाचा वास घशात चिकटत होता.

त्या धुरात हौशीरामची शालूबाई होती. दुपारी म्हैस आणायला गेली, पण म्हैस एकटीच गोठ्यात आली. चार गडी धुरात शिरले आणि खोकत परत आले. स्वतःचा हात दिसेना म्हणाले. त्यातून ती उतरण मध्येच कड्यावर तुटते, आणि कड्याखाली थेट पाणी.

गावाची रीत अशी की चकव्यात, म्हणजे वाट भुलवणाऱ्या भुताच्या तावडीत, सापडलेल्याला नावानं हाक मारायची नाही. अलीकडच्या काठावर टेंभा पेटवून उभं राहायचं. उजेड दिसला की माणूस वाटेला लागतं. म्हणून हौशीरामनं पाण्याच्या अगदी कडेला टेंभा धरला होता, आणि बाकीच्यांनी शेजारी शेकोटी पेटवली होती. टेंभ्यातलं रॉकेल चरचरत होतं.

मी बिस्मिल्ला. किराणा दुकान माझं. शाळा पाहिली नाही, एस.टी.च्या पाट्यांवर अक्षरं लावत वाचायला शिकले, आणि जे कळलं नाही ते विचारल्याशिवाय सोडलं नाही. काठावरच्या तंबूंत तेजल नावाची पोरगी पर्यटकांना तारे दाखवते. दर शनिवारी पहिल्या रांगेतली खुर्ची माझी. तिच्याकडे ऊब बघणारा एक कॅमेरा आहे. भिंतीवर हात टेकवून काढला, तरी भिंतीवर उरलेला उबेचा पंजा त्यात दिसतो. आकाशातल्या मोठ्या दुर्बिणी कशा बघतात हे ती त्याच्यावरून समजावते.

प्रत्येक उबदार वस्तूतून एक उजेड निघतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या-माझ्या अंगातूनही निघतो. अवरक्त म्हणतात त्याला, तांबड्याच्या पलीकडचा. आभाळात धुळीचे असे ढग आहेत की त्यांच्या आतला साधा उजेड बाहेर येत नाही, पण हा येतो. म्हणून धुळीच्या पोटात जन्मणारे तारे त्या दुर्बिणींना दिसतात, आणि डोळ्याला कधीच दिसणार नाहीत असे थंड पडलेले गोळेही. हवेतली वाफ मात्र हा उजेड पिऊन टाकते. म्हणून दुर्बीण उंच कोरड्या डोंगरावर नेतात, नाहीतर पृथ्वीपासून पार लांब पाठवतात. तिथंही ती आणि सूर्य यांच्यामध्ये पडदे ताणून तिला गार ठेवतात. का, मी विचारलं होतं. तेजल म्हणाली, "आजी, ती स्वतःच गरम झाली, तर तिला स्वतःचीच ऊब दिसत राहील."

ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माणसांचंही तेच होतं, पण ते असो.

तेजल कॅमेरा घेऊन आली होती. धुरातून ऊब दिसेल, म्हणाली. पण चौकटीत टेंभा आणि शेकोटी आली की पडद्यावर तेवढाच पांढरा लोळ, बाकी सगळं काळं. पोरगी हळू आवाजात विनवत होती, आणि हौशीराम तिला म्हणत होता की पुढं जाऊन बघ. पुढं पाणी होतं.

त्यानं टेंभा दोन्ही हातांनी घट्ट धरला. टेंभा सोडला तर बायको सुटली, असंच त्याला वाटत होतं. मला ते कळत होतं. तरी मी त्याच्या हातातून टेंभा ओढला आणि पाण्यात खुपसला. शेकोटीवर बादली मीच ओतली.

फस्स झालं, आणि मग काहीच नाही. एवढा अंधार मी आमच्या गावात पाहिला नव्हता. पलीकडून रातकिड्यांचा आवाज येत होता. तोही एकाएकी थांबला...

"आजी," तेजल कुजबुजली. "बघा..."

पडद्यावर कड्याच्या अगदी तोंडाशी एक उजळ ठिपका होता. नीट पाहिलं तर बसलेलं माणूस. डोकं, खांदे, मांड्या. उजवा हात मात्र बाजूला वर उचललेला, लेकराचा हात कुणी धरावा तसा. आणि मनगटाशी तो हात काळा होता. भोवतालच्या हवेपेक्षाही काळा.

"तिथं काहीतरी गार आहे..." तेजल म्हणाली. कशामुळं, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही; आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

हौशीराम गड्यांना घेऊन वळसा घालून गेला. तेजल पडद्यावर बघत फोनवर वाट सांगत राहिली. थोड्या वेळानं फोनमधून हौशीरामचं रडणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ शालूबाईचा आवाज. मी अल्लाचे आभार मानले, आणि मग सगळ्यांना शिव्या घातल्या.

शालूबाईला माझ्याच दुकानात आणली. एक ओरखडा नाही. चहाचा कप डाव्या हातात धरून चुलीपाशी बसली. तेजलनं सहज कॅमेरा तिच्यावर धरला. पडद्यावर उजव्या मनगटावर काळी पाच बोटं उमटली होती. ओला हात असेल, तेजल म्हणाली. मी हात लावून पाहिला. कोरडा होता, आणि माठासारखा गार.

तेवढ्यावर हौशीराम परत उसळला. टेंभा विझवला म्हणूनच चकव्यानं तिला धरलं, म्हणाला. टेंभा विझवला म्हणूनच ती दिसली, मी म्हणाले. त्यानं आवाज चढवला, मी त्याच्याही वर. तेजल दोघांना गप्प करायला गेली, तर आम्ही दोघंही तिच्यावर.

शालूबाईनं कप खाली ठेवला. कुणाकडेच न बघता, मनगट चोळत ती म्हणाली,

"तुमचा उजेड दिसला तशी मी त्याच्याकडंच सरळ चालले व्हते, कडा दिसलाच न्हाई... तवा त्यानं हात धरला अन् म्हनला, बस हितंच, बिस्मिल्ला आता इझवंल त्यो टेंभा."