सकुबाईची निळी फीत

छत्तीस सालची गोष्ट. शहापूरबाहेर मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या मिशनचं बहिणींचं घर होतं, तिथली चूल मैनाच्या हाती. बुधवारी ती पिठाची परात घेऊन दारातून वळली आणि... धाडकन! प्रार्थनाघराची बाकं दुरुस्त करायला आलेला याच पंथाच्या मुरबाडच्या मंडळीतला देवराम सुतार पिठानं पांढराफटक झाला.

“अगो, माजा पाव भाजतेस का काय?”

“एवढ्या पिठात चाळीस पाव झाले असते! तुमचा एकबी धड व्हायचा नाय.”

झालं! पुढले तीन दिवस देवरामला भारी तहान लागू लागली. मैनाही तांब्या काठोकाठ भरून द्यायची. त्याचा रंधा थांबला की तिचे हात पिठात तसेच राहायचे. काय बाई हे प्रेम!

या मंडळीत एक रीत होती. सणाला बायका डोक्याच्या रुमालाला फीत बांधायच्या. कुमारिकेची गुलाबी, लग्न झालेलीची निळी. त्या रविवारी सणाचं प्रेमभोजन होतं, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून गोड पाव नि चहा घ्यायचा. त्या गडबडीत मैनाची गुलाबी फीत चुलीच्या राखेत पडली. तिनं चुलीपाशी मदतीला येणाऱ्या सकुबाईची जादा निळी खुंटीवरून ओढली, बांधली.

“कोण बघतंय मेलं!”

बघणारा पुरुषांच्या बाजूला बसलेला. मैनानं पाव पुढे केला. देवरामनं फीत पाहिली नि त्याचं तोंडच उतरलं.

“नको... बाई.”

हत्यारांची पिशवी उचलून तो निघालासुद्धा. बाई? मैना पाव घेऊन तशीच सकुबाईकडं वळली.

सकुबाईनं कपाळावर हात मारला. “अगो भवाने, तुज्या डोक्याला माजी फीत! त्याला वाटलं तुजं लगीन झालंय. पळ, आसनगाव ठेसनात गाडी पकडंल तो!”

मैना पळाली. पाव हातातच.

“अवो... थांबा!”

“घरधनी काय म्हनंल तुमचा?”

“कसला घरधनी! माजी गुलाबी राखेत पडली. ही सकुबाईची हाय!”

देवरामनं पिशवी खाली टाकली नि जोरात हसला. “जीव नुस्ता टांगनीला लागला व्हता गो! सोड आदी ती.”

मैनाचाही जीव भांड्यात पडला. तिनं फीत सोडली, बोटाभोवती गुंडाळली.

“ही सकुबाईला परत द्याची हाय,” ती खाली बघत म्हणाली. “माजी निळी... तुमीच आना.”

देवरामनं तिच्या हातातला पाव मोडला, अर्धा तिला दिला नि पिशवी खांद्यावर घेऊन मिशनच्याच वाटेला वळला.

“चल. बाकं झाली... आता पाळकबुवांकडं लगनाचं काम निघालं!”