विश्वास किती, एक ते पाच

विपुल कोसबाडच्या टेकडीवरच्या बियाणे केंद्रात आला होता तो वडिलांसाठी नाचणीचं बी न्यायला. बी राहिलं बाजूला, त्याची नजर गेली तिथे काम करणाऱ्या मयुराच्या टेबलावर. काळी स्क्रीन, त्यावर नुसती पांढरी अक्षरं.

"यात मेल वाचता तुम्ही? अजून?"

"इथल्या नेटवर्कला एवढंच झेपतं," मयुरा म्हणाली. "आणि आता त्याला कुलूप लावायचंय. कुठल्या गावात कुणाकडे जुन्या भाताचं बी आहे, ते उघड्या मेलने पाठवायचं नाही, असं पुण्याच्या ऑफिसने कळवलंय. येतं तुम्हाला?"

येत होतं. तलासरीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने कॉम्प्युटरवरच त्या कुलपाच्या दोन किल्ल्या बनवल्या, एक तिची, एक स्वतःची. "आधी मला पाठवून बघा, मग पुण्याला." पण मेल काही जाईना. ही किल्ली याच माणसाची कशावरून, म्हणत प्रोग्रॅम अडून बसला.

मग काय, दर शनिवारी विपुलच्या गावाहून, उधव्याहून, त्याची मोटरसायकल येऊ लागली. विपुल भुवया आक्रसून स्क्रीनकडे बघायचा, दोन ओळी बदलायचा, मान हलवायचा... आणि मयुरा त्याच्याकडे बघायची. चहा व्हायचा, तिच्या घरच्या वाडीतले चिकू व्हायचे, मेल तेवढा जायचा नाही. खरं सांगायचं तर तो जाऊच नये असं तिला वाटू लागलं होतं. एकदा गेला, की हा माणूस कशाला टेकडी चढून येणार?

पण स्वभाव चौकस! घोडं अडलंय कुठे, हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना. शुक्रवारी तिने प्रोग्रॅमसोबतची सगळी माहिती वाचून काढली, आणि कपाळाला हात लावला.

शनिवारी विपुल खुर्चीत टेकतो न टेकतो तोच ती म्हणाली, "एकच प्रश्न आहे हो. या माणसावर विश्वास किती, एक ते पाच. उत्तर दिलं की मेल जातो. ठाऊक नव्हतं तुम्हाला?"

विपुलचे कान लाल झाले. "होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून... मेल गेला असता तर मी परत कुठल्या निमित्ताने आलो असतो? बी तर त्याच दिवशी नेलं होतं."

मयुराला राग यायला हवा होता. आला नाही. "म्हणजे मला फसवलंत, आणि वर विश्वास मागता?"

"मागत नाही—" तो हळूच म्हणाला. "तुम्हीच ठरवा. एक म्हणजे माहीत नाही, दोन म्हणजे अजिबात नाही. दोन दाबलंत तर मी उठतो, परत नाही येत."

मयुराने कीबोर्ड ओढला आणि पाच दाबलं.

"अहो, पाच नाही!" विपुल गडबडला. "पाच फक्त स्वतःच्या किल्लीला द्यायचं असतं. परक्या माणसाला नाही."

"वाचलंय मी ते," ती म्हणाली.

प्रोग्रॅमलाही पटलं नसावं. त्याने पुन्हा विचारलं, नक्की? मयुराने विपुलकडे बघतच 'हो' म्हटलं आणि बटण दाबलं.